लिहिणारी कोण

“तुम्ही केसानं गळा कापता,” वहिनीनं सर्चच्या तक्रारीच्या चौकटीत टाइप केलं आणि ती थांबली नाही. “डोक्यावरचे केस गेलेली बाई तुम्हाला विचारते, की पहिला विग घेताना काय बघायचं. तुम्ही तिला कुठं धाडता? चपला, मिक्सर आणि उशांचे अभ्रे एकाच छताखाली विकणाऱ्या दुकानात. तिथं लिहिलंय, विग रोज धुवावा. ज्यानं हे लिहिलं त्यानं आयुष्यात विग धुतलेला नाही, आणि ज्यानं ते पहिल्या नंबरावर बसवलं त्याला लाज नाही. आमची ह्या धंद्यातली दुसरी पिढी. आम्हाला सातव्या पानावर कुठल्या न्यायानं टाकलंत?”

तिनं बटण दाबलं. चौकट मिटली आणि तिच्या जागी दोन ओळी आल्या. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. प्रत्येक संदेशाला वेगळं उत्तर देणं शक्य नाही.

“काय म्हणतंय?” गल्ल्यावरून भाऊनं विचारलं.

“म्हणतंय, जाऊन भिंतीशी बोल.”

भाऊ म्हणजे तिचा नवरा. सगळी गल्ली त्याला भाऊ म्हणायची आणि हिला वहिनी. मागच्या खोलीत त्याची थोरली बहीण दिवसभर जाळीत केस ओवत बसायची. ती खरं तर एकट्या वहिनीची वन्सं, पण वहिनीचं ऐकून ऐकून टपाल घेऊन येणारा माणूसही तिला वन्संच म्हणू लागला होता. वन्सं विगला विग म्हणत नसत. टोप म्हणत. सुईहून बारीक आकड्यानं एक केस उचलायचा, जाळीच्या डोळ्यातून काढायचा, गाठ मारायची, ओढायची, मग पुढचा. आठवडेच्या आठवडे हे चालायचं, तेव्हा एक टोप व्हायचा. भिंतीशी लाकडी डोकी ओळीनं उभी असायची. आपलं काम संपायची वाट बघत असल्यासारखी.

असा माल इंटरनेटवर शोधायला गेलं तर सापडत नव्हता, हे दुखणं होतं. गिऱ्हाईक आता रस्त्यावरून येत नाही, फोनमधून येतं. म्हणून वेबसाइट केली आणि लिहायचं काम वहिनीकडे आलं. तिला कुणी लिहायला शिकवलं नव्हतं. ती वन्संच्या टेबलाशी बसून सगळं विचारून घ्यायची आणि एका बोटानं टाइप करायची. धुणं, वाळवणं, खरे केस आणि नायलॉनचे, चिकटवायचा गोंद, उन्हाळा, प्रवास. प्रत्येक ओळ खरी होती. प्रत्येक ओळ ‘ग्राहकांनी’ ह्या शब्दानं सुरू व्हायची. ग्राहकांनी काळजी घ्यावी, ग्राहकांनी माप द्यावं. आणि ग्राहक काही येत नव्हते.

रविवारी भाची आली. भाऊच्या धाकट्या बहिणीची मुलगी. वेबसाइटी सर्चमध्ये वर आणायच्या, हेच तिचं काम. तिनं मागच्या खोलीत लॅपटॉप उघडला आणि आधी मामालाच धरलं. नखांचे रंग, वजन कमी करायचे उपाय, कोरड्या टाचा असली पानं भाऊनं मधल्या काळात घुसवली होती. गर्दी गर्दीला खेचते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

“मामा, गर्दी हवी का गिऱ्हाईक?”

भाऊनं पडेल चेहऱ्यानं टाचा जाऊ दिल्या.

मग तिनं समजावलं. वरच्या मजल्यावरून पाणी गळायला लागलं तर गल्ली कुणाला विचारते? सगळं विकणाऱ्याला नाही. नळाच्या कामात ज्याचा जन्म गेला त्याला विचारते. सर्चही आता तेच बघू पाहतं. ह्या माणसाला एकच विषय येतो का, तो मुळापासून शेंड्यापर्यंत येतो का, आणि बोलतोय तो स्वतः त्यातून गेलाय का. मामीची पानं चांगली आहेत, पण सुटी सुटी पडली आहेत, ती एकमेकांत गुंतवायला हवीत. ते सोपं आहे. अवघड निराळंच आहे.

तिनं पडदा वहिनीकडे फिरवला. प्रत्येक पानाखाली लिहिलं होतं, लेखन : आमची टीम.

“ही टीम कोण?”

“मी, तुझी मामी आणि ती लाकडी डोकी,” भाऊ म्हणाला.

भाची हसली, पण सोडलं नाही. घालणारीचं डोकं काय म्हणतं, हे त्या चपलावाल्याकडे नाही, म्हणाली. तुमच्याकडेही नाही. वर्षानुवर्षं विग घातलेली एखादी बाई गाठा. तिच्या नावानं, तिच्या फोटोसकट, तिनं ‘मी’ म्हणून लिहायला हवं.

वन्संचा आकडा जाळीत अडकला. त्यांनी तो सोडवला, मान वर केली नाही. भाऊला एकदम पुढच्या दुकानात काहीतरी काम निघालं.

“बघते कुणी मिळतंय का,” वहिनी म्हणाली.

भाचीला ठाऊक नव्हतं. माहेर सोडलं तर घरातल्या तिघांपलीकडे कुणालाच ठाऊक नव्हतं. सव्विसाव्या वर्षी वहिनीचे केस एका उन्हाळ्यात गेले आणि परत आले नाहीत. डोक्याला ओढणी गुंडाळून, आईचा हात धरून ती ह्याच दुकानात गिऱ्हाईक म्हणून आली होती. माप वन्संनी घेतलं. तयार टोप घरी पोचवायला भाऊ गेला. मग नीट बसलाय का ते विचारायला गेला. मग पुन्हा तेच विचारायला गेला. तेव्हा वन्संनी त्याला सुनावलं होतं, की टोप एकदाच बसवायचा असतो, आता तू कुठंतरी बस. लोक मुलगी बघायला जातात तेव्हा केस बघतात, आम्ही सरळ डोकंच बघितलं, हा वन्संचा जुना विनोद. तो घराबाहेर कधी गेला नाही.

समोरची शिंपीणबाई वहिनीला कुठलं तेल लावता म्हणून विचारायची. वहिनी ‘घरचंच’ म्हणायची आणि विषय बदलायची. दुकानात एखादी पोरगी आरशासमोर रडायला लागली, की वहिनी तिला म्हणायची, “आमच्याकडे एक बाई यायच्या, त्या सांगायच्या...” आणि पुढं सगळं सांगून टाकायची. वारा सुटला की काय करायचं, न्हाणीघरात आरसा कुठं लावायचा, दवाखान्यात नर्सला काय सांगायचं. ती एक बाई गिऱ्हाइकांमध्ये फार लोकप्रिय होती.

वहिनीला टकलाची लाज वाटत नव्हती. भीती होती ती नजरेची. एकदा कळलं, की माणसं तोंडाशी बोलायची सोडून भांगाशी बोलायला लागतात. हे तिनं गिऱ्हाइकांच्या नशिबात रोज बघितलं होतं. ती स्वतः मात्र इतकी वर्षं चारचौघींसारखी भाजी घेत, भांडत, हसत सुखानं जगली होती. ते सुख एका यंत्राला नंबर द्यावासा वाटावा म्हणून उधळायचं? कोण लागून गेलं ते यंत्र?

तरी दोन दिवसांनी ती लिहायला बसली. आरसा, कंगव्यात आलेला पुंजका, उशीवरचे केस, आईचे डोळे. सगळं आलं. भाऊनं वाचलं आणि चष्मा काढून पुसला.

“छान आहे,” तो म्हणाला. “पण ही कोण?”

वहिनीनं पान पुन्हा वाचलं. असलं रडगाणं इंटरनेटवर पोत्यानं पडलं होतं. तिनं ते पुसून टाकलं आणि भाऊवर उगाचच चिडली.

दुपारी दुकान बंद करून ती वर घरी गेली. दार लावलं, विग काढून स्टँडवर ठेवला, नळ सोडला आणि डोकं त्याखाली धरलं. पाणी मानेवरून पाठीत उतरलं. खिडकीतून वारा आला तो थेट टाळूवर. रोजच्यासारखंच. ती तशीच ओल्या डोक्यानं ओट्यापाशी गेली आणि उभ्या उभ्या फोनवर लिहीत सुटली.

“माझ्या डोक्यावर एक केस नाही. मी विग घालते आणि मला तो आवडतो. पण तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही म्हणून सांगते. दिवसातला सगळ्यात चांगला क्षण तो काढण्याचा असतो. दार लावायचं, विग उतरवायचा, नळाखाली डोकं धरायचं. केसवाल्यांच्या नशिबात हे सुख नाही, मला त्यांची थोडी कीव येते. म्हणून विग घेताना तो कसा दिसतो हे मागाहून बघा. तो डोक्यावरून सहज उतरून तुम्हाला मोकळं करतो का, हे आधी बघा. माझे केस गेले तेव्हा सगळे म्हणाले, काळजी करू नकोस, कुणाला कळणार नाही. कुणीतरी असं म्हणायला हवं होतं, की कळलं तरी तू संध्याकाळी खूश असशील.”

भाऊनं वाचलं. ह्या खेपेला चष्मा पुसला नाही.

“दुकान टोपांचं आणि मुख्य पान टोप काढायचं,” तो म्हणाला. “चपलावाल्यानं अनवाणी चालायचे फायदे सांगावेत तसं आहे.”

“मग नको टाकू?”

त्यानं गॅलरीत नेऊन तिचा फोटो काढला. घासलेल्या पातेल्यासारखं लखलखीत डोकं, ऊन डोळ्यांवर आलेलं, ओठ किंचित वाकडे. तो त्यानंच पानावर चढवला, आणि ‘आमची टीम’ खोडून तिथं तिचं नाव घातलं. वहिनी म्हणून नव्हे; माहेरचं, सासरचं, पूर्ण.

त्यानंतर तिला थांबवणं कठीण होतं. तिनं सगळी जुनी पानं पुन्हा लिहायला घेतली. ‘ग्राहकांनी’ गेलं, ‘मी’ आलं. मी गोंद जपून लावते, कारण एकदा कपाळाची साल निघाली होती. मी झोपताना घालत नाही, घालावा असं सांगणाऱ्याला तुम्ही खुशाल खोटारडा म्हणा. एक पान दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, दुसरं तिसऱ्याकडे. जी बाई गोंदाचं विचारत यायची, ती उन्हाळा आणि प्रवास वाचून मगच बाहेर पडायची.

गल्लीनं अपेक्षेप्रमाणे केलं. दोन-तीन दिवस सगळे तिच्या भांगाशी बोलले. शिंपीणबाई तर घुश्शातच आली.

“इतकी वर्षं फसवलंत की हो. आणि मी तुमच्यासारखे केस व्हावेत म्हणून तेलावर पैसे घालवतेय.”

“केस वाढले ना तुमचे?” वहिनीनं विचारलं.

शिंपीणबाईनं वेणी पुढं घेऊन बघितली. वाढले होते. मग तिनं स्टुलावर बसून तासभर सगळं विचारलं, आणि जाताना तोंडाकडे बघून निरोप घेतला. चौथ्या दिवशी भाजीवाल्यानं नेहमीसारखं वजनात मारलं आणि वहिनी नेहमीसारखी भांडली. तिला हायसं वाटलं.

महिने गेले. एका सकाळी भाचीचा फोन आला. मामीचं ते पान आता सर्चमध्ये वरून तिसरं होतं, आणि त्याच्या मागून बाकीची पानंही वर सरकत होती. रोज धुवा म्हणणारा खाली गेला होता. आधी मला का नाही सांगितलंस, असं भाचीनं विचारलं नाही. तुझा फोटो आमच्या ऑफिसात सगळ्यांना दाखवला, एवढंच म्हणाली. दुकानात लांबलांबून बायका येऊ लागल्या. येताना हसत यायच्या, हे नवीन होतं.

ह्या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. वन्संनी त्यातलं काहीच वाचलं नव्हतं. त्या पडद्याकडे बघत नसत. डोळे जाळीसाठी राखलेत म्हणायच्या. फोटो लागला, नाव लागलं, गल्लीला कळलं, हे त्यांना माहीत होतं. आत काय लिहिलंय, हे त्यांनी विचारलं नाही, आणि वहिनीनं आपणहून सांगितलं नाही.

ते सांगितलं एका शिक्षिकेनं. माप द्यायला मागच्या खोलीत बसली असताना तिनं वन्संना सहज विचारलं, वेबसाइटवर लिहिणाऱ्या त्या बाई इथंच असतात का. मग फोन काढून आवडलेलं वाचून दाखवलं. वन्संनी फीत बाजूला ठेवली आणि सगळं वाचायला लावलं. मग दुसरं पान. मग तिसरं.

संध्याकाळी वहिनी पुढचे दिवे घालवून मागं आली. वन्संसमोर लाकडी डोक्यावर अर्धी ओवलेली जाळी होती. हा वहिनीचाच पुढचा टोप. कानशिलांपाशी वन्संनी पांढरे केस मागच्याहून चार जास्त घातले होते. दर खेपेला घालत, वय दिसावं म्हणून. आज आकडा हातात नव्हता.

“चांगलं लिहिलंयस,” वन्सं म्हणाल्या.

वहिनी स्टुलावर टेकली.

“काढल्यावर बरं वाटतं, ते मला कळतं. दिवसभर बसून उठल्यावर मलाही बरं वाटतं, म्हणून खुर्ची वाईट नसते.” त्या थांबल्या. “पण तिसऱ्या का चौथ्या पानावर डाव्या कानाचं लिहिलंयस. संध्याकाळी मागं वळ असतो आणि तू तो अंगठ्यानं चोळतेस.”

वहिनीचा कानाकडे निघालेला हात मांडीवर परत आला.

“जाळी मी तिथं बंद करते. शेवटची गाठ तिथं येते. पहिल्या टोपापासून.”

“सवयीचं झालंय, वन्सं. तेवढं काही नाही.”

“अख्ख्या जगाला कळवण्याइतकं आहे. मला सांगण्याइतकं नव्हतं?”

वहिनीला म्हणायचं होतं, की तुम्ही इतक्या मायेनं करायचात, त्यात खोट कुठं काढायची. त्याऐवजी तिनं टेबलावरचे सुटे केस गोळा केले. वन्संना ते न बोलताच ऐकू गेलं असावं. त्यांनी नाक ओढलं आणि डोळे बारीक केले, एखादी गाठ बघताना करत तसे.

“गाठ वर घेता येते. मागं नेता येते. दहा मिनिटांचं काम, पण कुठं न्यायची ते मला टोप घालणारीनं सांगायचं असतं.” त्यांनी टेबलावरचा दिवा वहिनीकडे वाकवला. “उतरव तो. लाजू नकोस, सगळ्या जगानं बघितलंय.”

वहिनीनं दोन्ही हात वर नेले. दुकानात तिनं विग ह्याआधी कधी उतरवला नव्हता. तो लाकडी डोक्याशेजारी ठेवला, तेव्हा टाळूला दिव्याची ऊब लागली. वन्सं खुर्ची ओढून मागं आल्या आणि त्यांचं खरखरीत बोट डाव्या कानामागं येऊन थांबलं.

“आता माया बाजूला ठेव आणि कारागिराला उत्तर दे,” त्या म्हणाल्या. “कुठं टोचतं?”