दाखवण्यापुरतं गाणं

सुमतीला जाऊन दीड महिना झाला आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातून तिचं गाणं पुन्हा ऐकू येऊ लागलं. ही त्रेपन्न सालची गोष्ट.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. कळव्याच्या पलीकडे खाडीकाठी मिठागर आहे, त्याच्या कचेरीत मी चोवीस वर्षं कारकून. वस्ती म्हणजे आमचं दोन खोल्यांचं घर, मजुरांच्या दहा-बारा झोपड्या आणि बाकी सगळा चिखल. ठाण्याला जायचं तर बांधावरून पाऊण तास चालायचं, मग पूल. अशा जागी माणसाला नाही नाही ते भास होतात, हे मी दुसऱ्यांना अनेकदा सुनावलं होतं. आता पाळी माझ्यावर आली होती.

कचेरीतून परतलो की दाराशी मी खाकरायचो. पुरुषाने खाकरूनच घरात यायचं, ही आमच्या वडिलांची शिस्त. सुमती जिवंत असताना मी खाकरलो की तिचं गुणगुणणं थांबायचं आणि चहाचं आधण चढायचं. बावीस वर्षं हेच. मी बायकोला गायला कधी मना केलं नाही, असं मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे. काय गातेस, असंही कधी विचारलं नाही, ते सांगायचं राहून जाई. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, असं म्हटलं की मी मोकळा.

आता ती गेल्यावरही तेच. तीच ओळ, शब्द गिळलेले, नुसता सूर. मी दाराशी पोचलो की बंद. एक दिवस मी खाकरलोच नाही. वहाणा बांधावर काढल्या आणि चोरासारखा भिंतीला लागून उभा राहिलो. ओळ दोनदा झाली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराने गेलो. तिथेच थांबली. मी ओरडलो, "अगं, खातो का मी तुला?" चूल थंड होती. शेजारची हौसाबाई कुडाआडून म्हणाली, "भाऊ, वैनी गाते ती मी पन आयकते. तुमी वरडू नका, ती घाबरंल."

खरं तर भीती मला वाटायला हवी होती. मला राग आला. पुढचं माझ्यापासून लपवायचं काय कारण? त्या ओळीच्या पुढे काय आहे, ते ऐकल्याशिवाय मला झोप येईना, घास उतरेना.

खोपटला गुरुदत्त मास्तरांचा गायनवर्ग होता, दर रविवारी सकाळी. तिथे गेलो, नाव सांगितलं आणि म्हटलं, माझी बायको एक गाणं म्हणायची, ते ओळखून द्या आणि पुढचं सांगा. मास्तर सत्तावीस-अठ्ठावीसचे, मला मुलगा असता तर त्याच्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठे. "म्हणून दाखवा," ते म्हणाले. मी म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं, मग अगदी हळू विचारलं, "त्र्यंबककाका, हे गाणं आहे की पोवाडा?"

माझ्या कानात ते स्वच्छ वाजत होतं. गळ्यातून बाहेर येताना त्याचं रेकणं होत होतं. "असं नाही ओळखता यायचं," मास्तर म्हणाले. "जे ऐकू येतं ते तुम्हाला म्हणता आलं पाहिजे. आधी सा लावायला शिका, मग विचारा."

म्हणजे एक प्रश्न विचारता यावा म्हणून मी पन्नासाव्या वर्षी गाणं शिकायला बसलो. दोन वेण्या घातलेल्या सहा मुली आणि त्यांच्यात मी, मांडी घालवत नाही म्हणून भिंतीला टेकून. त्यांतली नीला भारी फटकळ. "काका, तुम्ही रे म्हणताय, पण तो रे नाहीये," असं सगळ्यांसमोर सांगायची. मी आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या, आता ही टीचभर पोरगी माझ्या काढत होती. दोनदा वर्ग सोडला. दोन्ही वेळा शनिवारी संध्याकाळी ती ओळ यायची, थांबायची, आणि रविवारी मी पुन्हा बांधावर.

सराव करायचो तो मिठागरात, बांधाच्या टोकाला उभा राहून. मजूर हसायचे. हळूहळू हसायचेही थांबले. घरात मात्र मी तोंड उघडत नव्हतो. तिच्यासमोर गायची मला लाज वाटायची. बावीस वर्षं ती माझ्यासमोर का गायली नसेल, ते तेव्हा थोडं कळलं.

असे चौदा महिने गेले. एका रविवारी मुली घरी गेल्यावर मी मास्तरांना पेटीवर सूर धरायला सांगितलं आणि ती ओळ म्हटली. मास्तरांनी मिटलेले डोळे उघडले.

"राग भूप," ते म्हणाले. "आणि ही चीज मला ठाऊक आहे. माझे वडील लग्नाच्या मुलींना शिकवायचे."

"पुढचं सांगा."

"सांगतो. पण काकू रोज इथेच थांबायच्या?"

"मी दाराशी खाकरलो की थांबायची."

मास्तरांनी पेटीचा भाता बंद केला. मग म्हणाले, "काका, तुम्ही रोज नेमकी ओळ संपतानाच कसे पोचत होता? माणूस दचकून थांबला तर ओळ मध्येच तुटते. ही तुटलेली नाही, पुरी झालेली आहे. ही चिजेची स्थायी, पहिला भाग. पुढचा अंतरा त्यांना कोणी शिकवलाच नसेल."

पुलापर्यंत आलो आणि कठडा धरून उभा राहिलो. सुमतीला बघायला कल्याणला गेलो होतो ते आठवलं. "मुलीला पेटीवर गाणं शिकवलंय," तिचे वडील म्हणाले होते. त्या काळी असं दाखवण्यापुरतं गाणं शिकवत, चार-सहा महिने. पसंती आली की शिकवणी बंद. ती मान खाली घालून गायली. ओळ संपते न संपते तोच माझे काका म्हणाले, "पुरे, पुरे, आवाज ठीक आहे," आणि पोहे आले. पुढचं कुणाला हवंच नव्हतं. तेवढंच घेऊन ती या चिखलात आली आणि बावीस वर्षं तेवढंच गात राहिली. ती काही लपवत नव्हती. तिच्याजवळ ते नव्हतंच. आणि गाण्याचा वर्ग पुलापलीकडे होता. मी एकदा, फक्त एकदा विचारायला हवं होतं. भर पुलावर मला रडू कोसळलं. एक टांगेवाला थांबून बघत होता, त्याच्यावर खेकसलो.

अंतरा शिकायला आणखी तीन महिने लागले. तो वर चढतो, आणि चढताना धैवतावर, म्हणजे ध वर, माझा सूर हमखास खाली राहतो. "केसभर वर, काका," मास्तर म्हणायचे. केसभर काही जमेना. पण मला आता धीर नव्हता.

सोमवारी दाराशी आलो तेव्हा ती गात होती. मी खाकरलो नाही, लपलोही नाही, उंबऱ्यात बसलो. ओळ दोनदा झाली आणि थांबली, तिथून मी अंतरा धरला. आवाज कापत होता. धैवत खालीच राहिला. शेवटपर्यंत गेलो आणि पुन्हा तिच्या ओळीवर आलो. हौसाबाईकडची भांडी वाजायची थांबली होती. मी म्हटलं, "सुमती, पुढचं असं आहे."

मंगळवारी घर गप्प. बुधवारी गप्प. गुरुवारी वाटलं, ती गेली, मी आपल्या हाताने तिला घालवली. तिच्या मरणाच्या दिवशी वाटलं नव्हतं इतकं एकटं वाटलं. शुक्रवारी जेवलो नाही.

शनिवारी दाराशी पोचलो आणि पाय थबकले. ओळ दोनदा झाली. थांबली. मग अंतरा सुरू झाला, चाचपडत, अंधारात पायरी शोधावी तसा. वर चढला. आणि धैवतावर तिचा सूर केसभर खाली राहिला, अगदी माझा राहतो तसाच.

मी दाराच्या चौकटीला धरून सगळं ऐकून घेतलं. तिला माझ्याशिवाय शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. तो धैवत मला मास्तरांकडून नीट करून आणायचा होता.