पुलावर आधी कोण?

साहेब, कोंडी तुम्ही केलीत आणि पुलाजवळ महापालिकेचा बोर्ड लावलात, 'नागरिकांच्या बेशिस्तीमुळे वाहतूक खोळंबते.' माझं डोकंच फिरलं. अहो, आमच्या पुलावर शिस्त एवढी वाढलीय की माणूस पुढं जाईना.

नगरच्या कडेच्या आमच्या वस्तीत तीन वर्षांत तुम्ही अकरा सोसायट्यांना परवानगी दिली. बाहेर पडायला ओढ्यावरचा एकच पूल, तोही मार्चमध्ये पाइपासाठी अर्धा उकरून ठेवलात. उरलेल्या अर्ध्यावरून एका वेळी एकच गाडी जाते. तरी चाललं होतं. भागवतराव दूध घेऊन शहरात जायचे, मच्छिंद्रराव मार्केटातून भाजी घेऊन यायचे. समोरासमोर आले की एकमेकांच्या सात पिढ्या काढायचे. ज्याचा आवाज मोठा, तो पुढं. अर्ध्या मिनिटात पूल मोकळा.

मे महिन्यात भागवतरावांची अश्विनी मच्छिंद्ररावांच्या रामला दिली. दोघं व्याही झाले आणि वस्तीचं वाटोळं झालं.

परवा सकाळी माझ्या बायकोला, रुपालीला, गाडीवर घेऊन निघालो. तिला सुप्याच्या कंपनीची बस गाठायची होती. या महिन्यात दोनदा चुकलेली. तिसऱ्यांदा चुकली तर काम जाणार.

पुलाच्या मधोमध पिकअप आणि टेम्पो नाकाला नाक लावून उभे. दोघं व्याही खाली उतरून हात जोडतायत.

"आधी तुमी, पाव्हणं."

"न्हाई न्हाई. मुलाकडचा मान मोठा. आधी तुमी."

"लेक दिलीय तुमी. मी तुमच्या म्होरं जाऊ व्हय?"

रुपाली म्हणाली, "मामा, माझी बस जाईल."

"दोनच मिनिटं, पोरी. मानाचं काम हाय," भागवतराव म्हणाले.

"मग ते दुपारी घरी करा की."

मी म्हणालो, "कुणीतरी एकानं मागं घ्या." इथं चूक माझी. दोघांनीही मागं घेतलं. मागच्या साठसत्तर गाड्या एकमेकींवर रेलत, शिव्या देत मागं सरकल्या, पाण्याचा टँकर आडवा झाला, आमची गाडी त्याच्यामागं अडकली. पूल रिकामा पडला. समोरचा आपल्यासाठी एवढा मागं गेला हे बघून दोघांनाही भरून आलं. त्याला ताटकळत ठेवायला नको म्हणून दोघंही एकदम पुढं आले. परत नाकाला नाक.

बस गेली.

कंपनीतल्या अंगद सुपरवायझरला रुपालीनं सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, व्याही हे कारण आमच्या फॉर्मात बसत नाही. कोंडी कशानं झाली ते महापालिकेच्या हापिसातून या फॉर्मावर लिहून आणा, सहीशिक्क्यासकट. शनिवारपर्यंत. नाही आणलं तर येऊ नका."

आज गुरुवार. तुमच्या टेबलावर फॉर्म ठेवलाय. सांगा, कारणाच्या जागी कुणाचं नाव लिहिताय? भागवतरावांचं, मच्छिंद्ररावांचं, का ज्यानं पूल उकरून तसाच ठेवला त्याचं?