बैठकीचा ठोकळा

मी व्यायामशाळेतला लाकडी ठोकळा. दीड फूट उंच, चारी कडा गोल, अंगावर रंग नाही. स्क्वॉट, म्हणजे आपली बैठक, शिकवताना मला शिकणाऱ्याच्या मागे ठेवतात. त्याने कंबर मागे नेत माझ्यावर टेकायचं आणि हात न लावता उठायचं, एवढंच माझं काम. त्यामुळे माणसांचे चेहरे मला फारसे ठाऊक नाहीत. मी माणसं ओळखतो ती दुसऱ्या बाजूने, आणि त्या बाजूला थापा मारता येत नाहीत.

मला एका सुताराने घडवलं, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली कपाटं करून उरलेल्या फळ्यांतून. पॉलिश पेपरने कडा घासताना तो म्हणाला होता, "बसणाऱ्याला टोचता कामा नये." मला वाटलं, आता मानाची जागा मिळणार. मिळाला कोपरा. दोन वर्षं माझ्यावर टेबलफॅन होता. मग माझ्यावर चढून ट्यूबलाइट बदलल्या गेल्या. पुढे सरांचा मोबाइल माझ्यावर उभा राहू लागला.

सर म्हणजे इथले प्रशिक्षक. छाती अशी, की दारातून आधी ती आत येते, मागून सर. त्यांनी कुठलंसं शिबिर केलं होतं आणि तिथे ऐकलेलं सगळं ते रोज, प्रत्येकाला, एका दमात सांगत. सांगतानाचं चित्रीकरणही करत. त्या चित्रात शिकणारा अर्धा यायचा, सर पूर्ण.

एका सकाळी बाई आल्या. वय बासष्ट. तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवली होती, शेजारच्या सीटवर बसून. बसून बसून गुडघे आखडले होते. महिन्यापूर्वी बाथरूममध्ये पाय घसरला. फार लागलं नाही, पण जमिनीवरून उठताच येईना. शेजारीण दार वाजवेपर्यंत दोन तास तशाच बसून होत्या. मुलगा धावत आला आणि म्हणाला, घर बंद कर आणि आमच्याकडे चल. बाईंनी तीन महिने मागून घेतले. तेवढ्यात जमिनीवरून एकटीने उठता आलं तर राहायचं, नाही तर सामान बांधायचं.

हे सगळं त्यांनी सरांना सांगितलं. सरांनी मान डोलावली, मोबाइल खिडकीत ठेवला आणि मला ओढून बाईंच्या मागे आणलं. मी पहिल्यांदाच कामावर रुजू झालो.

"हं आजी, पाय खांद्याएवढे, बोटं जरा बाहेर, छाती वर, नजर समोर, श्वास भरा, पोट घट्ट, गुडघे बाहेर, टाचा जमिनीत, पाठ सरळ, आणि चला खाली."

बाई 'पोट घट्ट'पर्यंत पोचल्या आणि अर्ध्यावर थिजल्या. पाय लटपटले आणि त्या धपकन माझ्यावर आदळल्या. आरशासमोर दंड फुगवणारे दोघे हसले.

"वयाचं असतं हो आजी," सर मोबाइल बंद करत म्हणाले. "तुम्ही सायकलवर बसा. निवांत."

बाई सायकलकडे गेल्या नाहीत. माझ्यावर बसूनच त्यांनी दम खाल्ला. मग म्हणाल्या, "आजी मी नातवाची. इथे बाई म्हणा. तुम्ही गाडी चालवता?"

"चालवतो की."

"पहिल्या दिवशी क्लच, गिअर, ब्रेक, आरसा, इंडिकेटर, सगळं एकदम सांगितलं असतं तर?"

"गाडी भिंतीत घातली असती," सर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

"मी नवख्याला एका वेळी एकच सांगायचे. ते अंगात मुरलं की दुसरं. तुम्हीही मला आज एकच सांगा. कुठलं, ते तुम्ही ठरवा. त्यातलं मला कळत नाही."

सर पेचात पडले. नऊ गोष्टी पाठ म्हणायला समोर माणूस नसला तरी चालतं. एक निवडायची तर त्याच्याकडे बघावं लागतं. ते खाली वाकले आणि बाईंना पुन्हा अर्धं बसायला लावून नीट बघू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मला जवळून दिसला. मग त्यांनी माझ्यावर तीन रबरी गाद्या रचल्या आणि म्हणाले, "टाचा उचलू नका. बाकी सगळं विसरा."

बाई हळूच टेकल्या. आणि उठल्या.

पुढे दर आठवड्याला माझ्यावरची एक गादी कमी होत गेली. गुडघ्यांची सूचना दुसऱ्या आठवड्यात आली, श्वासाची चौथ्या. मध्येच एकदा बाई म्हणाल्या, "तुम्ही करून दाखवा ना." सरांनी दांड्याला दोन्ही बाजूंनी जड प्लेटा लावल्या, मोठ्याने हुंकार भरला, वीतभर खाली गेले आणि वर आले.

"आवाज छान झाला," बाई म्हणाल्या. "पण गाडी अजून गॅरेजमध्येच आहे."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी, हॉल रिकामा असताना, सर नुसता दांडा खांद्यावर घेऊन माझ्यावर टेकू लागले. त्यांच्याही टाचा उचलत होत्या. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटच्या महिन्यात सरांनी मला बाजूला सरकवलं. बाई माझ्याशिवाय माझ्याहून खाली बसू लागल्या, मग एक गुडघा टेकून जमिनीवर. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण माझ्याकडे शिकलेल्याला माझी गरज उरली, तर शिकवणं कुठे तरी चुकलं म्हणायचं.

तीन महिने झाले तसा मुलगा बघायला आला. ऑफिसातून थेट, गळ्यात ओळखपत्र. बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या. एक पाय पुढे घेतला आणि उठल्या. हात कुठेच लागला नाही.

"परत एकदा," मुलगा म्हणाला. त्यांनी परत करून दाखवलं.

"आता तू," बाई म्हणाल्या. "खाली नको. त्या ठोकळ्यावर बस फक्त."

तो हसत आला आणि पोतं टाकावं तसा माझ्यावर पडला. मागच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा मला कचकन रुतला. उठायला गेला तर हात आपोआप गुडघ्यांवर.

"हात नको."

त्याने अंग पुढे झोकून पाहिलं, परत माझ्यावर आला. दुसऱ्यांदा झोकलं. तिसऱ्यांदा आरशासमोरचे दोघेही दंड सोडून बघू लागले. वय एकोणचाळीस, आणि दीड फुटावरून सुटका नाही.

सरांनी तोंड उघडलं. नऊच्या नऊ सूचना ओठांवर आलेल्या मला कळल्या. त्यांनी त्या गिळल्या, खाली बसून त्याच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाय जरा मागे घ्या. बाकी काही करू नका."

चौथ्या खेपेला तो उठला. आईकडे बघायचं टाळत किल्ल्या चाचपत राहिला. सामान बांधायचा विषय त्या दिवशी निघाला नाही. नंतरही नाही. आता मंगळवारी आणि शुक्रवारी तो इथे असतो. बाईच त्याला गाडीतून आणतात, त्यांना पार्किंग चांगलं जमतं म्हणून.

मी आता म्हातारा झालोय. मधोमध पापुद्रे सुटलेत, एक स्क्रू ढिला आहे, बसणारा जड असला की कुरकुरतो. परवा फोमचे रंगीत ठोकळे आले. छान दिसतात. मला पुन्हा कोपरा मिळेल, चालेल मला.

जाता जाता एक विनंती. आज घरी गेल्यावर खुर्चीत पडू नका, बसा. सावकाश, टाचा टेकवून. मग हात मांडीवरून उचला आणि उठून बघा. उठलात तर आनंद आहे. नाही उठलात, तर लाजू नका. इथलं दार सकाळी सहाला उघडतं.