गजावरची झीज

"एवढ्या खाली कोण धरतं हो?"

निवृत्त इंजिन ड्रायव्हरने भिंग डोळ्याला लावलं होतं. टेबलावर त्याचंच इंजिन उभं होतं, वीतभर लांबीचं.

"बाकी झकास. कोळशाची धूळसुद्धा जिथल्या तिथे. पण चढायचा दांडा आम्ही छातीच्या उंचीला धरायचो. तुम्ही तो पार तळाशी झिजवलाय. आमचा फायरमन काय रांगत चढायचा?"

मॉडेलवाला हसला नाही. तीस वर्षं तो छोट्या इंजिनांना, जहाजांना जुनेपण आणत होता. आधी चंदेरी हात, त्यावर काळा. काळा अर्धवट ओला असतानाच पुसायचा, म्हणजे रंग उडून आतलं लोखंड उघडं पडल्यासारखं दिसतं. रंग सुकला की खेळ खलास.

बायकोला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी तिला दाखवल्याशिवाय तो एकही मॉडेल घराबाहेर देत नसे. ती ओरखड्यावर बोट ठेवून विचारायची, "हे कोणी केलं?" खलाशाच्या बुटाने, साखळीने, काहीतरी उत्तर द्यावं लागे. ते नसलं की म्हणायची, "मग बुजवा. उगाच काही झिजत नाही."

ती गेल्यानंतरचं हे पहिलं मॉडेल. या झिजेला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आपण ती कधी केली, तेही आठवेना.

"चुकलं माझं," म्हणत त्याने बारीक ब्रश उचलला. काळ्याचा एक फटकारा, झीज गेली.

इंजिन खोक्यात भरून तो ड्रायव्हरला सोडायला जिन्यापर्यंत आला. खालच्या पायऱ्यांवर मुलगा रंगाचा डबा घेऊन बसला होता.

"बाबा, कठड्याला हात लावू नका. ओला आहे."

ड्रायव्हर अंग चोरून उतरला, "येतो" म्हणाला आणि गेला. त्याच्यामागे उतरता उतरता मॉडेलवाला खालून चौथ्या पायरीवर थबकला.

शेवटच्या वर्षी ती जिना बसून चढायची. एकेक पायरी, कठड्याच्या गजाचा तळ मुठीत धरून. तो हात द्यायला गेला की म्हणायची, "सरका. रांगणाऱ्याला घाई नसते." या पायरीवर ती दम खायची. इथला गज तळाशी घासून घासून चकचकीत झाला होता. येता-जाता त्याची नजर तिथेच जायची.

आता तिथे हिरवा रंग होता.

"हा कधी लावलास?"

"आत्ताच. पाचेक मिनिटं झाली. का?"

तो पायरीवर टेकला. मुलाच्या शेजारचं टर्पेंटाइनचं फडकं घेतलं आणि गजाचा तळ पुसू लागला. चार बोटं मावतील एवढाच.

"बाबा, काय करताय? सकाळपासून खपतोय मी."

हिरवा निघाला. खालचं गुळगुळीत लोखंड वर आलं.

"कसं दिसतंय ते? येणारा-जाणारा विचारेल, हे कोणी केलं म्हणून."

"सांग, आईने केलं."

मुलाने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. मग वरून एक हिरवा ओघळ तिकडे उतरू लागला, तसं त्याने फडकं बापाच्या हातातून घेतलं आणि तो टिपून घेतला.