धुळाजीच्या फोटोची पाणीपरीक्षा

उमापूरच्या धुळाजींनी पंच्याहत्तरी ओलांडली, तरी मेंढरांमागं चार कोस चालत. मरायची त्यांना घाई नव्हती, पण मेल्यानंतर पाटावर मांडायच्या फोटोची काळजी लागली होती. थोरल्या भावाच्या, सिदूच्या दहाव्याला फोटोवर पाणी शिंपडलं आणि त्याची झुबकेदार मिशी विरघळून हनुवटीवर ओघळली. "जाताना रडतोय बघा," म्हणत बायांनी दुप्पट गळा काढला. धुळाजींना मात्र हसू आवरेना. खोकल्याचं सोंग करत ते बाभळीमागं गेले आणि तिथंच त्यांनी ठरवलं, आपला फोटो आपण जित्तेपणीच पारखून छापून घ्यायचा.

लेक स्वप्ना बीडला राहायची. जावई सोमनाथ घरातच शिकवणी घ्यायचा, म्हणून घरात दोन प्रिंटर. धुळाजी गुलाबी फेटा बांधून, सारजाबाईंना घेऊन एसटीनं थेट तिथं पोचले.

"आबा, असं अभद्र बोलू नका," स्वप्ना म्हणाली.

"अभद्र काय त्यात? बोकड सुदीक आपण दात बघून घेतो."

स्वप्नानं मोबाईलवर फोटो काढला आणि शाईच्या प्रिंटरवर चकचकीत कागदावर छापला. रंग असे उतरले की फेटा आत्ताच रंगवल्यागत. धुळाजींनी बोट जिभेला लावलं आणि फोटोतल्या गालावर घासलं. गाल बोटावर आला.

"सिदूचीच गत."

"ही शाई पाण्यात विरघळते, आबा. काचेच्या फ्रेममध्ये राहिला तर टिकतो."

"दहाव्याला काच कोण लावतंय?"

मग सोमनाथनं लेझर प्रिंटर सुरू केला. ह्यात शाई नसते, रंगाची भुकटी तापवून कागदावर वितळवतात, असं त्यानं सांगितलं. निघालेला फोटो धुळाजींनी मोरीत धरला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. कागद मऊ पडला, मिशी जागची हलली न्हाई. पण फेटा विटकरी झाला होता आणि चेहऱ्यावर राख फासल्यागत कळा.

"ह्यो तर आत्ताच सरणावरून उठून आल्यावानी दिसतोय," सारजाबाई म्हणाल्या.

"मामी, हा प्रश्नपत्रिका छापायचा प्रिंटर," सोमनाथ ओशाळून म्हणाला. "ते चकचकीत कागद ह्यात घातले तर आतल्या आत चिकटून बसतात."

"मग काय मी प्रश्नपत्रिका हाय का?" धुळाजींनी विचारलं.

सासरा असा हटणार नाही हे ओळखून सोमनाथ मित्राकडून, विजयसिंहकडून, फोटोचा प्रिंटर मागून घेऊन आला. विजयसिंह लग्नात पाहुण्यांना जागेवर फोटो छापून द्यायचा. त्याचा प्रिंटर जेवणाच्या डब्याएवढा. आत रंगाची फीत. ती तापली की रंगाची वाफ होऊन कागदात मुरते. यंत्र घुरघुरलं आणि धुळाजी बाहेर आले ते पिवळेधमक.

"अगं बया, कावीळ."

"थांब आई, अजून व्हायचंय," स्वप्ना म्हणाली.

कागद आत गेला, तांबडा रंग चढला. परत गेला, निळा चढला आणि हुबेहूब धुळाजी उमटले. चौथ्या फेरीत वरून पारदर्शक थर बसला. फोटोवर तांब्याभर पाणी गेलं, धोतरानं तो पुसला गेला, तरी काही हललं न्हाई.

पण सगळं दिसत होतं. एकेक सुरकुती, तंबाखूनं काळवंडलेले दात, खोल गेलेले डोळे. धुळाजी कितीतरी वेळ बघत राहिले. घरात आरशात बघायचा त्यांना नाद नव्हता.

"एवढा म्हातारा कवा झालो मी?" ते हळूच म्हणाले.

"माझ्या डोळ्यांदेखत झालात," सारजाबाई म्हणाल्या. "पण लई बारका निघाला. तळहाताएवढाच हाय की ह्यो फोटो. हार पार झाकून टाकंल."

"ह्या प्रिंटरवर ह्याच्यापेक्षा मोठा निघत नाही," सोमनाथ म्हणाला.

"आसू दे. बारका बरा. सारजे, हिकडं ये. तूबी बस."

"मला कशापायी आत्ताच टांगताय?"

बोलता बोलता सारजाबाईंनी पदर सारखा केला, कुंकू बोटानं गोल केलं आणि त्या नवऱ्याला खेटून बसल्या. स्वप्नानं दोघांचा फोटो काढला. पिवळा, तांबडा, निळा होत दोघं एकदमच उमटली. सारजाबाई हसत होत्या, धुळाजी त्यांच्याकडं बघत होते.

सारजाबाईंनी फोटो उलटसुलट करून पाहिला.

"पण दोघांच्या फोटोला हार कसा घालायचा वं? एक आधी जाणार, एक मागं राहणार."

धुळाजींनी मान खाजवत बराच विचार केला.

"मग दोघंबी जाईस्तवर नगं घालू," ते म्हणाले आणि फोटो बंडीच्या आतल्या खिशात ठेवून दिला.