दुधनेचं पाणी अन् लांबलेला अध्याय

बायांनो, दुधनामाईची शप्पथ, माह्या पांढऱ्या केसायची शप्पथ, यातला एकबी शबुद खोटा न्हाई! ज्याला खोटं वाटंल त्यानं आत्ताच उठावं अन् चहा टाकावा, म्हंजे बाकीच्यायच्या तरी कामी येईल.

गेल्या भादव्यातली गोष्ट. आमचं गाव परतूर तालुक्यात, दुधनेच्या ह्या अंगाला. एसटीची सडक त्या अंगाला. मधी पूल है, पण इतका बुटका की वर कुठं ढग फुटला की पहिल्यांदा तोच बुडतो. मंग मच्छिंद्र त्याची काहिल पाण्यात घालतो. काहिल म्हंजे गुऱ्हाळात रस आटवायची लोखंडी कढई, चार माणसं बसतेत एवढी. एक डाव तिच्यात बसून एक म्हैस बाजाराला गेल्ती, अन् येताना तिनंच वल्हं मारलं. हसू नका, म्या बघितलंय.

दर गुरुवारी जालन्याहून प्रीतीताई यायची. मिशनची बाई, वय तिशीच्या आत, खांद्याला कापडी पिशवी अन् पिशवीत बायबलं. द्वारकाबाईच्या ओट्यावर आम्ही बाया जमायचो. म्या कामून जायची? गोष्टी ऐकायला. माणसाला मासा गिळतो अन् तो माणूस जित्ता भाईर येतो, अशी गोष्ट माह्याबिगर दुसरं कोण सांगू राह्यलंय, ते बघायला नको?

द्वारकाबाईचं येगळं. नवरा गेल्यापसून ती गप-गप राह्यची, पण गुरुवारी ताईला चिकटून बसायची अन् पुस्तकात डोळे घालायची.

त्या गुरुवारी ताई आली तव्हा नदी गरीब गाईवाणी होती. दुपारच्याला वर कुठंतरी पाऊस झाला अन् पाणी असं चढलं की मासे बाभळीवर जाऊन बसले. नदीच्या मधात म्हसोबाचा धोंडा है. तो दिसत असला तरच काहिल घालायची, बुडला की बिलकुल न्हाई. गावातल्या लेकरालाबी ठाऊक है. तो धोंडा बुडाला, अन् तव्हाच सर्जेराव आला.

सर्जेराव म्हंजे द्वारकाबाईचा चुलत दीर, आमच्या भजनी मंडळाचा वीणेकरी. मागं चार-पाच गडी, एक-दोघायच्या हातात काठ्या. कोणीतरी मोबाईलवर धाडलं होतं की आज द्वारकाबाईला नदीत बुडवून बाटवणार हैत.

"वैनी, उठ तिथून," सर्जेराव म्हणला.

"कामून, भावजी?"

"तू बाटणार हैस म्हणं."

"अजून वाचून व्हायचंय," द्वारकाबाई म्हणली. मान खालीच.

सर्जेरावला ते उत्तर काई समजलं न्हाई. तो ताईकडं वळला. "बाई, पिशवी उचला. आत्ताच्या आत्ता नदीपल्याड व्हायचं."

मच्छिंद्र खालून पळत आल्ता. "सर्जेदादा, धोंडा बुडालाय! आता काहिल घातली तं भिंगरीवाणी फिरंल अन् उलथंल. पाणी उतरू दे, सांजच्याला सोडतो मी त्याह्यला."

"लोकायला बुडवायला निघाल्या न? मंग त्याह्यलाबी कळू दे पाणी कसं असतं ते."

"आधी पुस्तकं जाऊ दे पाण्यात," तातेराव म्हणला अन् त्यानं पिशवीचा बंद धरला. हा तातेराव सर्जेरावच्या सावलीत चालणारा, अंगानं रेडा. ताईनं पिशवी सोडली न्हाई. तोंड पांढरं झाल्तं तिचं. एक बाई उठली, तिच्या मागं दुसरी उठली, अन् ओटा अर्धा रिकामा झाला. नदीचा आवाज घरात येऊ राह्यला होता. म्या इचार केला, तुळजाबाई, आज तुही जीभ चालली न्हाई तं ही पोरगी जाती.

"तात्या, हात काढ," म्या वरडले. "पोथी उघडी है. अध्याय चालू है."

"काकू, ही आपली पोथी न्हाई," सर्जेराव म्हणला.

"आपली है असं कोण म्हणलं? पण अध्याय तं है न? औंदाच्या सप्त्यात मांडवाचे पत्रे उडाले, माह्या डोस्क्यावर बोराएवढ्या गारा पडू राह्यल्या, तव्हा कोण म्हणलं, अध्याय संपल्याबिगर कोणी हलायचं न्हाई? तू का हा मच्छिंद्र?"

"मी तं पळालो होतो," मच्छिंद्र म्हणला.

सर्जेराव उभाच राह्यला. अध्याय मधी तोडणाऱ्याला त्यानं सप्त्यातून भाईर काढल्यालं अख्ख्या गावानं बघितलं होतं. आता तेच गडी त्याच्या मागं उभे. त्यानं चपला काढल्या अन् ओट्याच्या कडंला बसला.

"होऊ दे. पण संपला की मंग मी कोणाचं ऐकणार न्हाई, सांगून ठेवतो."

खरं म्हणलं तं अध्याय-बिध्याय काई चालू नव्हता. पुस्तक ताईच्या मांडीवर उघडं होतं, पण आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडून राह्यलो होतो. म्या टरफलं पदराखाली सारली अन् ताईच्या कानाला लागले. "सगळ्यात लांब कोणता है?"

ताईनं पानं उलटली. स्तोत्रं हैत म्हणं त्याह्यच्यात, अन् त्यातलं एक पावणेदोनशे ओव्यायचं. ताई वाचायला लागली, पण भेवानं असं जल्दी जल्दी की घटकाभरात संपलं असतं. म्या तिच्या मांडीला चिमटा काढला. "सावकाश, माय."

वाचन चालू. सर्जेराव ताईकडं बघू राह्यला, म्या नदीकडं. धोंड्याच्या जागी नुसता फेस. एक अख्खं लिंबाचं झाड वाहत गेलं, मुळ्या वर करून. तातेराव काठी जमिनीवर आपटायचा, अन् दर आपटीला ताईचा आवाज बारीक व्हायचा. मंग कोरडा खोकला आला. ताईनं पाणी पेलं, पुना तोंड उघडलं, पण आवाजच निघंना.

"थांबली! झाला अध्याय!" तातेराव उठला.

तव्हा द्वारकाबाईनं ते पुस्तक वढून आपल्या मांडीवर घेतलं. ओळीवर बोट ठेवलं अन् वाचायला लागली. एकेक अक्षर, नांगरटीतून ठेचकाळत चालल्यावाणी. ताईची एक ओळ तिथं हिची अर्धी घटका.

सर्जेराव गुडघ्यावर उठला. "वैनी? तुला वाचता येतं?"

"शू:" म्या म्हणलं. "अध्याय चालू है."

त्याह्यच्या घरात पोथीला हात लावायचा तो सर्जेरावनं. बायांनी ऐकायचं. अन् इथं ही वाचू राह्यलेली, घाम गाळत, कोणाकडंबी न बघता. मधीच एक जोडाक्षर आडवं आलं. द्वारकाबाई अडली. पुना धरलं, पुना अडली. ताईला आवाज न्हाई, आम्हाला अक्षर न्हाई. तातेरावनं काठी उचलली.

सर्जेराव पुढं वाकला, पुस्तकात बघितलं, अन् तो शबुद त्यानंच सांगितला.

द्वारकाबाईनं तो म्हणला अन् पुढं गेली. तातेराव सर्जेरावच्या तोंडाकडं बघतच राह्यला.

ऊन कलल्यावर मच्छिंद्रानं काठावरून हाळी दिली, "दिसला! धोंडा दिसला!" कोणी उठलं न्हाई. शेवटच्या ओवीपोत्तर सगळे बसून.

मंग द्वारकाबाईनं पुस्तक मिटलं. सर्जेराव उठला अन् त्यानं पिशवी हातात घेतली. तो पायऱ्या उतरून नदीकडं निघाला, आम्ही सगळ्या मागं. पाण्याच्या कडंला त्यानं धोतर खोचलं. अन् ती पिशवी, सप्त्यात पोथी नेतेत न, तशी डोस्क्यावर घेतली. पोथी न्यायची दुसरी तऱ्हा त्याला ठाऊकच नव्हती, काय करील? पोथी वल्ली करायची रीत न्हाई. ताईला काहिलीत बसवलं अन् स्वतः बसला.

पाणी अजून वढ्याळ होतं. मधात काहिल दोन गिरक्या खाऊन गेली. मच्छिंद्र शिव्या घालू राह्यला, पण सर्जेरावनं डोस्क्यावरचा हात काढला न्हाई. अन् तिथंच, मधारीला, तो ताईला म्हणला, "बाई, वैनीचं जोडाक्षर लई कच्चं है. पुढल्या गुरुवारी तेवढं घ्या."

पुढल्या गुरुवारी ताई आली. काठावर कोणीबी आडवं आलं न्हाई.

काय म्हणलीस? तुळजाबाई काठावर उभी, मंग मधारीचं बोलणं तिला कसं ऐकू आलं?

बरं, बरं. तेवढं बोलणं म्या पदरचं लावलं. सर्जेराव तोंडातून एक शबुद बोलला न्हाई.