मागच्या दाराची खुर्ची

मित्रांनो, मी एक खुर्ची आहे. जुनी, लाकडी आणि एका पायाने लंगडी. मला घडवून झाल्यावर सुतार माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाला होता, "हिच्यावर बसलेला माणूस लवकर उठायचा नाही." त्याचं बोलणं खरं ठरलं. एका उपाहारगृहात मला खिडकीजवळची जागा मिळाली आणि लोक माझ्यासाठी थांबून राहू लागले. पुढे पाय उकलला, मी डुगडुगू लागले, आणि माझी रवानगी मागच्या दारी झाली.

तिथे मला माझी खरी माणसं भेटली. फोनमधल्या ॲपवरून मागवलेली जेवणाची पाकिटं मागच्या दारातून निघत. ती पोचवायला पाठीवर मोठ्या चौकोनी पिशव्या घेतलेली माणसं येत. त्यांना आत बसायची मनाई होती, संडास वापरायचीसुद्धा. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींनी मला भिंतीशी टेकवलं आणि ज्याचे पाय दुखतात त्याने बसायचं, असा नियमच करून टाकला.

त्यांच्यात एक काका होते. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत, कारण त्यांनी पंचवीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. मग लोकांनी मनगटावरची घड्याळं काढून ठेवली, दुकान बसलं, आणि साठीला टेकलेले काका स्कूटरवर बसले. गुडघे कुरकुरत, पण काका कधी कुरकुरले नाहीत. माझ्या लंगड्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून ते म्हणत, "तुझं नि माझं दुखणं एकच गं बाई."

एके दिवशी मॅनेजरसाहेबांची नजर माझ्यावर पडली. "ही काय धर्मशाळा आहे? दारात नुसती गर्दी!" असं म्हणून त्यांनी मला शेजारच्या कोठीत टाकलं. कोठीच्या जाळीतून दार दिसायचं. बघण्यापलीकडे माझ्या हाती काही नव्हतं.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, काका पस्तीस मिनिटं उभे होते. कधी या पायावर भार, कधी त्या. शेवटी पाकीट हातात आलं, फोन टुणटुणत घाई करू लागला, आणि दुसऱ्याच पायरीवर त्यांचा गुडघा दुमडला. गरम सूप हातावर सांडलं. मावशींनी धावत येऊन त्यांचा हात नळाखाली धरला. काका मात्र सांडलेल्या सूपकडेच बघत होते.

अर्ध्या तासात ॲपने त्यांचं काम बंद केलं. पदार्थ खराब केला, एवढंच कारण. काकांनी मदतीच्या नंबरवर फोन लावला.

"आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे," रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला.

"मोलाची म्हणे! माणूस कुठंय?" मावशी कडाडल्या आणि तडक मॅनेजरसाहेबांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, ॲपच्या कंपनीला लिहून द्या. उशीर आपला, आपणच त्यांना ताटकळत ठेवलं."

"मावशी, तसं लिहिलं तर ॲपवर आपले तारे कमी होतील."

"ताऱ्यांनी पोट भरतं होय? मग उद्यापासून तेच शिजवते!"

साहेब काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात त्यांना पायरीवर बसलेले काका दिसले. भाजलेल्या हाताने ते फरशी पुसत होते. साहेबांनी त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "राहू द्या, काका," एवढंच म्हणाले आणि लिहायला बसले.

उत्तर यायला चार दिवस लागले, पण काकांचं काम पुन्हा सुरू झालं. पाचव्या दिवशी काका हाताला पट्टी बांधून आले, तेव्हा मी भिंतीशी होते. साहेबांनीच मला कोठीतून काढून पुसलं होतं, पायाला एक आडवी पट्टीही ठोकून घेतली होती.

काका बसले आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. आत पाकीट बांधून झालं होतं. 'तयार' हे बटण दाबलं की काकांच्या फोनवर मिनिटं पळू लागणार होती. मावशींनी साहेबांकडे पाहिलं. साहेब छताकडे बघू लागले. पूर्ण पाच मिनिटं ते बटण कोणी दाबलं नाही.

मित्रांनो, तुमच्या दाराशीही अशी माणसं येत असतील. त्यांना उशीर झाला तर रागावण्याआधी पाणी विचारा. आणि दारापाशी एखादी खुर्ची ठेवा. जुनी चालेल.